तिसऱ्यांदा विचारतो

कांबळे सरांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला चहा मिळाला नाही. "शेटे, चहा टाकायला सांगू?" असं त्यांनी विचारलं आणि चारचौघांसारखं मी म्हणालो, "नको नको, आत्ताच झाला." आपल्याकडे एवढ्यावर कुणी थांबत नाही. यजमान पुन्हा आग्रह करतो, पाहुणा पुन्हा नको म्हणतो आणि तोवर आत आधण ठेवलेलं असतं. सर मात्र मान डोलावून म्हणाले, "बरं. विषय संपला." आणि त्यांनी तो खरंच संपवला. मी तासभर कोरड्या घशानं त्यांचं बोलणं ऐकत बसलो. शेवटी त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वैनी, कप घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, माणसं तोंडानं एक बोलत्यात आन् मनात एक असतंय. तुमास्नी कवा कळायचं?"

"मग तोंडानं खरं बोलायला शिकावं की माणसानं," सर हसत म्हणाले.

हे भांडण त्या घरात लग्नापासून चालू होतं. मी आजही सांगतो, वैनींचं बरोबर होतं.

कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात सर इतिहास शिकवायचे आणि मी गणित. नव्वदच्या आसपास मी तिथं लागलो तेव्हा ते चाळिशीचे असतील. उंच, शिडशिडीत, शर्ट कधीही न खोचलेला, आणि चालताना हात मागे बांधलेले. उचगाव ओलांडून थोडं पुढं गेलं की त्यांचं गाव लागतं. तिथून ते सायकलनं यायचे. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथंच आहेत आणि मला त्यांच्याशी भांडायचं नाही. खरं म्हणजे भांडायचं आहे, पण नेमकं कुणाशी ते इतक्या वर्षांत ठरलेलं नाही.

छप्पन साली सरांच्या वडिलांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव उतरवले. त्या रिकाम्या कोनाड्यात सरांनी पुढं पुस्तकं रचली. एका म्हाताऱ्या भंतेंच्या पाठी लागून ते पाली शिकले. मला वाटायचं, यांना ध्यानधारणेची आवड असणार. ती त्यांना अजिबात नव्हती. डोळे मिटून पाच मिनिटं बसले तर घोरायला लागायचे. त्यांना वेड होतं ते एकाच गोष्टीचं, जुने भिक्खू सभा कशी घ्यायचे याचं.

"एकजण उठून गोष्ट मांडणार," ते समजावून सांगायचे. "मग तो तीनदा विचारणार. ज्याला पटलंय त्यानं गप्प बसा, ज्याला पटलं न्हाय त्यानं बोला. तिसऱ्यांदा विचारून झालं आणि कुणी बोललं न्हाय, की सगळ्यांना मान्य. विचारणाऱ्यानं आपलं मत मधी घालायचं न्हाय. आणि एकत्र बसायचं, एकत्र उठायचं. राग आला म्हणून कुणी मधीच उठून जायचं न्हाय. अडीच हजार वर्षांमागं, शेटे! तेव्हा लंडनात काय हुतं?"

"धुकं," मी म्हणायचो. ते मनापासून हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचे.

स्टाफरूममध्ये त्यांचं नाव 'तीनदा सर' पडलं होतं. हेडमास्तर त्यांना वैतागलेले असायचे, कारण घंटा वाजली तरी सरांचं दुसरं विचारणं चाललेलं असायचं. पण एकदा गंमत झाली. सहलीला दरवर्षीप्रमाणे पन्हाळा असं हेडमास्तरांनी जाहीर केलं आणि सर उभे राहिले. एकदा विचारलं, कुणी बोललं नाही. दुसऱ्यांदा विचारलं, सगळे घड्याळाकडे बघायला लागले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कोपऱ्यातून शिवणाच्या बाई हळूच म्हणाल्या, "मला घाटात उलट्या होतात." बाई बिचाऱ्या वर्षानुवर्षं पर्समध्ये लिंबू घेऊन पन्हाळ्याला येत होत्या आणि हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. त्या वर्षी सहल नरसोबाच्या वाडीला गेली. सर देवळात आले नाहीत. घाटावर बसून कवठाची बर्फी खात मुलांना पंचगंगा आणि कृष्णा कुठं मिळतात ते दाखवत होते. येताना बसमध्ये मला म्हणाले, "बघितलंसा? पयल्या दोन वेळा माणूस ऐकतोय नुसतं. तिसऱ्या वेळंला धीर येतोय."

जगाचा कारभारही ते याच मापानं मोजायचे. दुपारच्या सुट्टीत पेपर उघडायचा आणि एकेका देशाला धारेवर धरायचं. जगातल्या सगळ्या देशांची म्हणून जी सभा भरते, तिच्यात पाच बड्यांपैकी एकानं नको म्हटलं की बाकीच्यांचं होय फुकट जातं, याचा त्यांना भयंकर राग होता. "ही सभा हाय व्हय? पाच पाटलांचा वाडा हाय ह्यो!" कारगिलच्या वेळी म्हणाले, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना एका सतरंजीवर बसवा आणि निकाल लागेपर्यंत उठू देऊ नका. ड्रॉइंगच्या सरांनी विचारलं, "आणि लघवीला लागली तर?" सर गंभीरपणे म्हणाले, "इचारून जायचं."

त्याच सुमारास शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात परिसंवाद होता, 'प्राचीन भारतीय ज्ञान आणि आधुनिक राज्यकारभार'. सरांना बोलावणं आलं म्हणून मीही स्कूटर काढली. सकाळपासून एकेक वक्ता राजाबद्दल बोलत होता. राजानं कसं वागावं, हेर कुठं पेरावेत, कुठल्या शेजाऱ्याशी दोस्ती करावी आणि कुणावर डोळा ठेवावा. जेवायची वेळ टळून गेल्यावर सरांचा नंबर लागला. ते म्हणाले, "सकाळपासून सिंहासनाबद्दल ऐकलं. पण आपलं सगळं ज्ञान काय सिंहासनावर बसलेलं नव्हतं. थोडं खाली सतरंजीवर पण हुतं. तिथली माणसं एकमेकांना तीन-तीनदा विचारत हुती. राजाला विचारायची सवय नव्हती, म्हणून राजे गेले. सतरंजीचं काय झालं, ते आपण कुणीच शोधलं न्हाय." टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी 'मौलिक विचार' म्हणून शाल दिली आणि सगळे जेवायला पळाले. परत येताना स्कूटरवर मागून सर ओरडून म्हणाले, "शेटे, ह्यांना ज्ञान पायजे, पण वापरायला नको!" ती शाल वैनींनी ज्वारीच्या कणगीवर टाकली.

सरांनी मात्र ते वापरून दाखवलं होतं. त्यांच्या गावची ग्रामसभा म्हणजे पूर्वी दहा-बारा माणसं, ग्रामसेवकाचं भरभर वाचन आणि "मंजूर, मंजूर" करत उठणं. सरपंच होते रंगराव आबा. वाईट माणूस म्हणता यायचं नाही. गोड बोलणारे, लग्नामर्तिकाला पहिले हजर. सर त्यांच्या इतके मागे लागले की आबांनी एकदाचं हो म्हटलं. शाळेच्या पटांगणात मोठी सतरंजी अंथरली गेली. आबा आणि सर, बौद्ध वस्ती आणि गाव, सगळे त्याच सतरंजीवर. ठराव तीनदा विचारायचा, आणि विचारायचं काम सरांचं. दुसऱ्याच सभेत ग्रामसेवक मध्ये म्हणाला, "ठराव चांगला आहे, हरकत घेण्यासारखं काही नाही." सरांनी त्याला तिथंच थांबवलं. "इचारणाऱ्याच्या बाजूला बसलेल्यानं मत द्यायचं न्हाय. मी पण देणार न्हाय. कवाच." सगळ्या गावापुढं त्यांनी हा शब्द दिला.

पाण्याची पाइपलाइन आली तेव्हा तिसऱ्या विचारण्याला वस्तीतल्या कोंडाबाई उठल्या. आयुष्यात कधी सभेत न बोललेली म्हातारी. "तुमचा पायप आमच्या दारावरनं जातोय आन् नळ तिकडं गावात. आमी काय नुसता आवाज ऐकायचा?" सभा हसली, पण लाइन बदलली. दुसऱ्या दिवशी सरांनी अख्ख्या स्टाफरूमला भजी खायला घातली. "चाललं बघा शेटे, अजून चालतंय!" असं ते ज्याला त्याला सांगत होते. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. नंतरही कधी पाहिलं नाही.

वस्तीच्या पलीकडे गायरान होतं. बाभळी, शेळ्या आणि एका कडेला वस्तीचं मसणवट. सातबाऱ्यावर त्याची कुठं नोंद नव्हती. पिढ्यान्पिढ्या माणसं तिथं न्यायची, एवढंच. सरांच्या आईवडिलांनाही तिथंच नेलं. आणि सरांची पहिली मुलगी, संघमित्रा, दीड वर्षाची असताना तापानं गेली, तिला तिथं पुरलं होतं. वर कडुनिंब लावलेला. मी पाहिला तेव्हा तो दोन पुरुष उंच झाला होता. वैनी दर रविवारी तिकडं जायच्या. झाडाला आता पाण्याची गरज नव्हती, तरी कळशी घेऊन जायच्या.

दोन हजार एकच्या सुमारास गावातल्याच एका फौंड्रीवाल्या शेठना शेड वाढवायला जागा हवी होती. वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्याच भट्टीवर कामाला. गायरान कारखान्याला द्यायला गावाची हरकत नाही, असा ग्रामसभेचा ठराव त्यांना पाहिजे होता. सर निर्धास्त होते. वस्तीतला प्रत्येक माणूस त्यांना म्हणाला होता, "सर, आपून हाय की." वैनींची बहीण चंदगडला आजारी होती, म्हणून त्या एस.टी.नं तिकडं गेल्या होत्या. जाताना त्यांनी विचारलं, "मी ऱ्हाऊ का सभंला?" सर म्हणाले, "कशाला? तिसऱ्या वेळंला बोलत्यात समदी." आणि मला म्हणाले, "शेटे, तुम्ही या बघायला. अशी सभा परत बघायला मिळायची न्हाय."

मी गेलो. पाहुण्यानं सतरंजीबाहेर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, असा नियम होता, म्हणून मी शाळेच्या पायरीवर बसलो. सकाळचं ऊन होतं. शेठ पांढऱ्या कपड्यांत सतरंजीवर मांडी घालून बसले होते, अगदी नम्रपणे, वस्तीतल्या माणसांच्या मधोमध. आबांनी ठराव वाचला आणि मग सरांकडे वळून हात जोडले. "सर, नेहमीपरमानं तुमीच इचारा."

आबांनी हे मुद्दाम केलं की सवयीनं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सर उठले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की या माणसाला आता कळलं आहे, आपण कुठं उभे आहोत ते. विचारणाऱ्यानं मत द्यायचं नाही.

"पयल्यांदा विचारतो," सर म्हणाले. "ज्याला मान्य हाय त्यानं गप्प बसावं. ज्याला मान्य न्हाय त्यानं बोलावं."

कुणी बोललं नाही. सरांनी घाई केली नाही. एकेका चेहऱ्याकडे बघत राहिले.

"दुसऱ्यांदा विचारतो."

शेठनी शेजारच्या पोराच्या खांद्यावर सहज हात ठेवला. तो त्यांच्याच भट्टीवरचा, कोंडाबाईंचा नातू. कोंडाबाई समोर बसल्या होत्या. सर त्यांच्याकडे बघत थांबले. म्हातारीनं पदर तोंडाशी नेला आणि मान खाली घातली.

मला ओरडावंसं वाटत होतं. सर, तुम्ही बोला! खड्ड्यात गेला तो नियम! मी पायरीवर अर्धा उठलोही होतो.

"तिसऱ्यांदा विचारतो," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. एवढा वेळ मी कुणाला थांबलेलं पाहिलेलं नाही. पटांगणाच्या कडेनं शेळ्या गेल्या. एक म्हातारा खाकरला तेव्हा सगळ्यांनी आशेनं तिकडं पाहिलं, पण तो नुसताच खाकरला होता. मग सरांनीच शेवटचं वाक्य म्हटलं, जे दरवेळी विचारणाऱ्यानं म्हणायचं असतं. "सभा गप्प हाय. म्हणजे सभेला मान्य हाय."

सगळे एकत्र उठले.

आम्ही सरांच्या घरी आलो. दारात मी त्यांच्या अंगावर धावून गेलो म्हणा ना. "का नाही बोलला? तुमची पोर आहे तिथं!" सर चपला काढत म्हणाले, "आज मी बोललो असतो, तर उद्यापास्नं आबा पण बोलला असता. मग ऱ्हायलं काय?" मग उंबऱ्यावरच बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं कुठं सांगू, शेटे? भिक्खूंपाशी एक भांडं आणि तीन चिवरं. त्यांच्या गप्प बसण्याला काय भ्या नव्हतं. हितं पोराची भाकरी शेठच्या हातात. दोन्ही गप्प बसणी मी एकच समजलो."

वैनी चार दिवसांनी आल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मी तिथं होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "समद्या गावाला तीनदा इचारलासा. मला एकदा तरी इचारायचं." मी चहा न घेता निघालो आणि त्या दिवशी वैनींनीही थांबवलं नाही.

त्यानंतरचे सर मला आठवतात ते दारोदार फिरताना. शाळा सुटली की सायकल वस्तीत, प्रत्येक घरात. "तुम्हाला खरंच मान्य हुतं का?" आणि प्रत्येक घर म्हणायचं, न्हाय. कोंडाबाई रडल्या. नातू म्हणाला, "सर, शेठचा हात खांद्यावर हुता माझ्या." एकही माणूस असा निघाला नाही की ज्याला ते मान्य होतं. सरांना वाटलं, यात आशा आहे. मला ते सगळ्यात भयंकर वाटलं. घरात बसलेली सगळी वस्ती नको म्हणत होती आणि सतरंजीवर बसलेली तीच वस्ती गप्प होती. पुन्हा सभा लावा म्हणून सर तहसीलला गेले, कलेक्टर कचेरीच्या जिन्यात दिवसचे दिवस उभे राहिले. एका साहेबानं त्यांना विचारलं, "ठराव बिनविरोध झालाय. सभेला मान्य आहे असं जाहीर कुणी केलं?" सर म्हणाले, "मी." साहेबानं पुढचा माणूस आत बोलावला.

भिंत बांधली गेली. कडुनिंब भिंतीच्या आत गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात तोडला. वैनी रविवारी कळशी घेऊन भिंतीपर्यंत जायच्या आणि भिंतीच्या बुडाशी पाणी ओतून यायच्या. फौंड्रीचा वॉचमन त्यांना ओळखायचा. तो बाजूला सरायचा.

इराकवर बाँब पडायला लागले त्या दिवसांत स्टाफरूममध्ये सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. एरवी ते पेपर घेऊन उभे राहिले असते. त्या दिवशी ते डबा उघडून बसले होते. ड्रॉइंगचे सर म्हणाले, "काय ओ, त्यांनी तीनदा विचारलं नाही वाटतं?" सर म्हणाले, "इचारलं असतं तरी सगळी गप्पच बसली असती." आणि डब्याचं झाकण लावलं. नंतर त्यांनी स्टाफरूममध्ये कधीच काही विचारलं नाही. हेडमास्तरांच्या मीटिंगा पुन्हा वेळेवर संपायला लागल्या.

रिटायर झाल्यावर ते दोन वर्षंच होते. छातीचं दुखणं. गेले तेव्हा वस्तीत न्यायला जागाच नव्हती, म्हणून टेम्पोतून पंचगंगेवर आणलं. अख्खी वस्ती आली होती, आबाही होते, शेठनी हार पाठवला होता. पण मला सर आठवतात ते त्या घाटावरचे नाहीत.

त्याआधी काही महिने गावाला जिल्ह्याचं आदर्श ग्रामसभेचं बक्षीस मिळालं. तीनदा विचारण्याच्या पद्धतीबद्दल. बाहेरगावची माणसं ती बघायला यायला लागली होती. सभेत आबांनी ठराव मांडला, या पद्धतीचे जनक म्हणून कांबळे सरांचा सत्कार करावा. विचारायला आता एक नवा शिक्षक होता, त्याचा आवाज खणखणीत होता. मी पुन्हा त्याच पायरीवर बसलो होतो. सर सतरंजीच्या मधोमध, काठी शेजारी ठेवून. खूप वाळले होते.

पहिल्यांदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सरांनी हात वर केला. बसूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला मान्य न्हाय."

इतक्या वर्षांत त्या सतरंजीवर त्यांनी स्वतःचं मत पहिल्यांदाच दिलं होतं. सगळी सभा कौतुकानं हसली. "मोठी माणसं असंच म्हंत्यात," आबा म्हणाले, आणि टाळ्या सुरू झाल्या. सर पुन्हा म्हणाले, "मान्य न्हाय मला." ते टाळ्यांत बुडालं. मला पायरीवरून फक्त त्यांचे ओठ हललेले दिसले. तेवढ्यात शाल त्यांच्या खांद्यावर पडलीसुद्धा.

मग सगळे नियमाप्रमाणे एकत्र उठले. सर उठले नाहीत. माणसं त्यांना वळसा घालून, वाकून पाया पडून निघून गेली. पटांगण रिकामं झालं तरी ते तसेच मांडी घालून बसून होते, शाल एका खांद्यावरून घसरलेली. मी जवळ गेलो, पण हाक मारली नाही. पंचायतीचा शिपाई सतरंजी गुंडाळायला आला होता. "सर, उठताय न्हवं?" त्यानं विचारलं. थोडा थांबला, पुन्हा विचारलं. मग वाकून, हळू आवाजात, अगदी अदबीनं पुन्हा एकदा विचारलं. सर गप्प बसून राहिले. शिपाई पलीकडच्या टोकाला गेला आणि तिकडून सतरंजी गुंडाळायला लागला.